इथं म्हणजे कुठं?



या व्याख्यानमालेत आजवर मोठमोठे विषय झाले. मी आज एका ओळीबद्दल बोलणार आहे. ती ओळ १९९९ साली मी स्वतः लिहिली होती. तालुक्याच्या एका गावातल्या पतसंस्थेसाठी आम्ही तिघा मित्रांनी हिशेबाचं सॉफ्टवेअर केलं होतं. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, व्याजाचा दर आणि प्रिंटरचं नाव यांच्या खाली, ही ओळ होती: ‘बॅकअप = बॅकअप’. डावीकडचा शब्द सेटिंगचं नाव, उजवीकडचा शब्द फोल्डरचं नाव. संध्याकाळी दिवस बंद करताना त्या दिवसाच्या सगळ्या नोंदींची एक प्रत ‘बॅकअप’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेव, एवढंच तिचं सांगणं. तो फोल्डर कुठं आहे हे मी लिहिलं नव्हतं. मला ते ठाऊक होतं, म्हणून लिहावंसं वाटलं नाही.

संस्थेच्या संगणकात दोन हार्ड डिस्क होत्या, सी आणि डी. प्रोग्रॅम आणि नोंदी सीवर, बॅकअप डीवर, म्हणजे एक डिस्क गेली तरी दुसरी राहील. विचार चांगलाच होता. पण बॅकअप डीवर जात होता तो त्या ओळीमुळे नव्हे. टेबलावर जे चित्र दोनदा दाबलं की प्रोग्रॅम सुरू होतो, त्या शॉर्टकटच्या पोटात एक रकाना असतो: प्रोग्रॅमनं कुठल्या फोल्डरात उभं राहून काम सुरू करायचं. तिथं मी डी लिहिलं होतं. नुसतं ‘बॅकअप’ म्हटलं की प्रोग्रॅम आपण उभे आहोत तिथला बॅकअप फोल्डर शोधायचा, आणि तो उभा असायचा डीवर.

मार्चअखेरच्या धांदलीत कुणाच्या तरी हातून तो शॉर्टकट पुसला गेला. संस्थेतल्या एका हुशार मुलानं पाच मिनिटांत नवा करून दिला. तेच चित्र, तेच नाव, तोच पासवर्ड. फक्त नव्या शॉर्टकटच्या त्या रकान्यात, विंडोजच्या रिवाजाप्रमाणे, प्रोग्रॅमचा स्वतःचा फोल्डर आपोआप भरला गेला. तो सीवर होता. त्या संध्याकाळपासून प्रोग्रॅमनं सीवरच एक नवा बॅकअप फोल्डर केला आणि रोज न चुकता त्यात प्रत ठेवली. रोज पडद्यावर ‘बॅकअप पूर्ण झाला’ असं यायचं, आणि ते खरंच होतं.

जुलैत सी डिस्क गेली. नोंदी गेल्या आणि त्यांच्याशेजारी ठेवलेल्या साडेतीन महिन्यांच्या प्रतीही गेल्या. डीवर शेवटची प्रत मार्चमधली.

पुढचे अठरा दिवस मी त्या गावात होतो. जमा-नावेच्या पावत्या दोऱ्यात ओवून ठेवलेल्या होत्या म्हणून संस्था वाचली. रोखपाल बाई पावती वाचायच्या, मी टाइप करायचो. पिग्मीवाल्यांच्या वह्या मागवल्या, सभासदांना निरोप धाडून पासबुकं आणवली, रोजकीर्दीच्या छापील कागदांवरून रोजची शिल्लक ताडून पाहिली. पावसानं दमट झालेल्या पावत्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या, त्या बाई नखानं हळूच सोडवायच्या. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्या न रागावता म्हणाल्या, “पण रोज तर ‘झाला’ म्हणत होतं की हो.” माझ्याकडं उत्तर नव्हतं.

परत आल्यावर मी तंत्रनिकेतनातल्या माझ्या सरांकडं गेलो. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, “कुठून?”

सरांच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न ओळखीचा आहे. तंत्रनिकेतनात संगणक आले त्याआधी सर भूमापन शिकवायचे. भूमापनात कुठलाही आकडा एकटा नसतो. सहलीला जाताना ते आम्हाला रेल्वे स्टेशनची पिवळी पाटी दाखवायचे. गावाच्या नावाखाली बारीक अक्षरांत उंची लिहिलेली असते, समुद्रसपाटीपासूनची. सर म्हणायचे, आकडा झाकला तरी चालेल, पण ‘समुद्रसपाटीपासून’ झाकलंत तर त्या आकड्याचं काय करायचं? माझ्या ओळीत आकडा होता आणि ‘पासून’ नव्हतं. आज मला बोलायचं आहे ते या ‘पासून’बद्दल.

फाइल कुठं आहे हे संगणकाला सांगणाऱ्या ओळीला आपण सगळेच पाथ म्हणतो. मराठीत तिच्यासाठी दोन शब्द सुचतात, वाट आणि पत्ता, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘देवळामागच्या बोळातून डावीकडं’ ही वाट झाली. ती कळायला ऐकणारा त्या गावात, त्या देवळापाशी असावा लागतो. ‘मुक्काम पोस्ट अमुक, तालुका तमुक, जिल्हा रत्नागिरी’ हा पत्ता. तो कुठल्याही गावच्या टपालपेटीत टाका, पोचतो. ज्याला पुस्तकात रिलेटिव्ह पाथ म्हणतात ती वाट, आणि ॲब्सोल्यूट पाथ म्हणतात तो पत्ता. दोन्ही दिसायला सारखेच असतात, नावं आणि मधे तिरक्या रेघा. फरक सगळा पहिल्या अक्षरात. युनिक्सच्या घराण्यात ओळ तिरक्या रेघेनं सुरू झाली तर ती रूटपासून, म्हणजे सगळ्या फोल्डरांच्या मुळापासून मोजायची. तशी सुरुवात नसेल तर चालू प्रोग्रॅम जिथं उभा आहे तिथून.

आपल्या पोस्टाच्या पत्त्यात आधी माणूस, मग गाव, मग जिल्हा येतो. टपाल छाटणारा मात्र तो खालून वर वाचतो. संगणकाचा पाथ थोरल्याकडून धाकट्याकडं जातो. आपल्याकडं ही उलटी चाल अंगवळणी पाडली ती पिनकोडनं. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला. त्याची रचना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. ते केंद्राच्या दळणवळण खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि संस्कृत कवी म्हणूनही नावाजलेले होते. सहा आकड्यांतला पहिला विभाग सांगतो, पहिले तीन मिळून छाटणीचा जिल्हा, उरलेले तीन ते टपाल कार्यालय. ४११०३० म्हटलं की चारानं आपण पश्चिमेकडं आलो, ४११ नं पुण्यात, आणि ०३० नं सदाशिव पेठेत. एकाच नावाची गावं चार तालुक्यांत असतात आणि पत्ते तर भाषेभाषेत लिहिले जातात, यावर तो उपाय होता. पाथ जन्माला आला तोही अशाच गरजेतून: एकाच नावाच्या दोन फाइली दोन माणसांच्या दोन फोल्डरांत सुखानं राहाव्यात.

फोल्डरात फोल्डर आणि त्यात आणखी फोल्डर ही रचना मल्टिक्स या प्रकल्पातून आली. १९६५ साली डेली आणि न्यूमन यांनी ती एका निबंधात मांडली. मल्टिक्समध्ये दोन नावांच्या मधे ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह असायचं. बेल लॅब्जमधले केन थॉम्पसन आणि डेनिस रिची त्या प्रकल्पातून बाहेर पडले आणि १९६९ मध्ये त्यांनी युनिक्सला हात घातला. मला सगळ्यात ओढ वाटते ती यानंतरच्या तपशिलाची, आणि तो रिचींनीच नंतर लिहून ठेवला आहे. पीडीपी-७ या यंत्रावरच्या पहिल्या युनिक्समध्ये फोल्डर होते, पण पाथ नव्हते. फाइलचं साधं नाव द्यायचं आणि ते ‘इथलं’ समजलं जायचं. दुसऱ्याच्या फोल्डरातली फाइल हवी असेल तर आधी तिचा दुवा आपल्या फोल्डरात आणायचा आणि मग काम करायचं. म्हणजे ज्या व्यवस्थेपासून आजचे बहुतेक पाथ निघाले, तिलाही सुरुवातीला ‘इथं’ एवढाच शब्द ठाऊक होता. तिरक्या रेघेनं जोडलेली पूर्ण नावं आली ती पुढच्या पीडीपी-११ या यंत्रावर.

डॉसची गोष्टही तशीच सुरू होते. १९८१ च्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डरच नव्हते. १६० केबीची फ्लॉपी, त्यात असून असून किती फाइली असणार? मार्च १९८३ मध्ये आयबीएमचा एक्सटी संगणक १० एमबीची हार्ड डिस्क घेऊन आला, आणि त्याच्यासोबत आलेल्या डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले. तोवर सरळ तिरकी रेघ आज्ञांचे पर्याय सांगायला वापरात होती, म्हणून पाथसाठी उलटी तिरकी रेघ, बॅकस्लॅश, घेतली. त्या वेळी ती मोकळी सापडली. पण ती मुळात मोकळी नव्हतीच.

बॅकस्लॅश हे चिन्ह संगणकात आलं ते बॉब बेमर यांच्यामुळं, १९६१ मध्ये. अल्गोल भाषेतली ‘आणि’ व ‘किंवा’ची टोकदार चिन्हं दोन तिरक्या रेघा जोडून छापता यावीत हा त्यांचा हेतू. पुढं सी भाषेनं ती रेघ वेगळ्याच कामाला लावली. तिच्यामागून येणारं अक्षर जसंच्या तसं घ्यायचं नाही, त्याला खास अर्थ आहे, असं ती सांगते. रेघेमागं रोमन एन आला तर नवी ओळ, टी आला तर टॅबची मोकळी जागा. सीनंतरच्या बहुतेक भाषांनी आणि सेटिंगच्या फाइलींच्या अनेक प्रकारांनी हा रिवाज उचलला.

आता आपल्याकडच्या एका कार्यालयातलं उदाहरण पाहा, मी स्वतः पाहिलेलं. डी ड्राइव्हवर ‘तालुका’ नावाचा फोल्डर, त्यात ‘नोंदी’ नावाचा, दोन्ही नावं रोमन लिपीत, लहान अक्षरांत. सेटिंगमध्ये लिहिणाऱ्यानं विंडोजच्या खिडकीत दिसला तसा पाथ उतरवला: डी, कोलन, उलटी रेघ, तालुका, उलटी रेघ, नोंदी. प्रोग्रॅमनं तालुक्यातला टी रेघेसकट गिळून तिथं टॅब घातला, उरलं ‘अलुका’. नोंदीतला एन गिळून तिथं ओळ तोडली, उरलं ‘ओंदी’. आणि चूक झाल्याचा निरोप आला तो असा: डी, मग थोडी मोकळी जागा, अलुका, आणि खालच्या ओळीवर ओंदी सापडत नाही. त्या कार्यालयातल्या मुलीनं अर्धा दिवस ‘ओंदी’ नावाचं काय आहे ते शोधलं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की दोन रेघा लागोपाठ लिहिल्या की एक उरते, किंवा सरळ रेघ लिहिली तरी विंडोज बहुतेक ठिकाणी ती मुकाट्यानं मानतो. जपानमध्ये तर या रेघेच्या जागी वर्षानुवर्षं येनचं चिन्ह दिसत आलं आहे, कारण तिथल्या चिन्हांच्या तक्त्यात तो क्रमांक येनला दिलेला होता.

‘पासून’ हरवलं की काय होतं याची दोन उदाहरणं जगजाहीर आहेत. दोन्ही लिनक्सवरची, आणि मला ती कधीही शांतपणे सांगता येत नाहीत.

पहिलं २०११ चं. दोन ग्राफिक्स कार्डांच्या लॅपटॉपांसाठी बम्बलबी नावाचा एक मुक्त प्रकल्प होता. त्याच्या इन्स्टॉल करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये एक जुना फोल्डर पुसण्याची ओळ होती. पाथ होता ‘/यूएसआर/लिब/’ असा सुरू होणारा. लिहिताना यूएसआरनंतर एक स्पेस पडली. एका पाथचे दोन झाले, आणि पुसण्याची आज्ञा दोघांनाही लागू पडली. त्यातला पहिला नुसता ‘/यूएसआर’. त्यात जवळपास सगळे प्रोग्रॅम असतात. ज्यांनी ते इन्स्टॉल केलं त्यांचे संगणक उभ्या उभ्या निकामी झाले.

दुसरं जानेवारी २०१५ मधलं, स्टीम या खेळांच्या सॉफ्टवेअरचं. त्याच्या स्क्रिप्टमध्ये ‘स्टीमचा मूळ फोल्डर’ एका व्हेरिएबलमध्ये धरलेला होता, आणि एक ओळ सांगत होती की त्या मूळ फोल्डराच्या आतलं सगळं पुसून टाक. एका माणसानं स्टीमचा फोल्डर दुसरीकडं हलवला. स्क्रिप्टला मूळ फोल्डर सापडेना, व्हेरिएबल रिकामं राहिलं. रिकाम्यापुढं तिरकी रेघ आणि ‘सगळं’: म्हणजे रूटपासून सगळं. त्या माणसाच्या मालकीच्या फाइली गेल्या, बाहेरून जोडलेल्या डिस्कवरचा बॅकअपही गेला. ती ओळ लिहिणाऱ्यानं शेजारी शेरा मारून ठेवला होता की हे भीतीदायक आहे. त्याला भीती जाणवली होती, आणि तरी ‘हे रिकामं तर नाही ना’ एवढं विचारणारी ओळ वर घातली गेली नाही. मी हे विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा त्यांना हसू येतं. मला पतसंस्थेतल्या चिकटलेल्या पावत्या आठवतात.

आता सेटिंगच्या फाइलीतल्या वाटेकडं परत येतो. तिथं नुसतं ‘बॅकअप’ लिहिलं तर ते कुठून मोजायचं? तीन जागा संभवतात. प्रोग्रॅम चालू करताना आपण ज्या फोल्डरात होतो ती. प्रोग्रॅम स्वतः जिथं ठेवला आहे ती. आणि ती सेटिंगची फाइल जिथं आहे ती. प्रत्येक सॉफ्टवेअरनं यातलं आपापलं निवडलं आहे. गिटच्या सेटिंगमध्ये दुसरी फाइल जोडताना वाट मोजली जाते ती ज्या फाइलीत ती लिहिली आहे तिथून. अपाची वेब सर्व्हर ती सर्व्हररूट नावाच्या एका वेगळ्या सेटिंगपासून मोजतो. आणि ज्यांनी यावर विचारच केलेला नसतो, असे माझ्या १९९९ च्या प्रोग्रॅमसारखे प्रोग्रॅम, ती उभ्या जागेपासून मोजतात. कारण त्यांच्या वतीनं ऑपरेटिंग सिस्टिमच ते ठरवून टाकते.

उभी जागा सगळ्यात बेभरवशाची. दिवसा स्वतःच्या हातानं चालवला तर प्रोग्रॅम नीट चालतो, रात्री क्रॉनच्या वेळापत्रकावर ठेवला की फाइल सापडत नाही म्हणतो. ही तक्रार घेऊन दरवर्षी कुणी ना कुणी माझ्याकडं येतंच. क्रॉन तुमच्या कामाच्या फोल्डरात जात नाही, तो तुमच्या होम फोल्डरात उभा राहून काम करतो. सिस्टिमडीनं चालवलेली सेवा तर, वेगळं सांगितलं नाही तर, थेट रूटमध्ये उभी असते. प्रोग्रॅम तोच, सेटिंग तीच, फक्त पाय दुसरीकडं.

म्हणून सगळीकडं पूर्ण पत्ताच लिहावा का? सर्व्हरवर, बॅकअपसाठी, लॉगसाठी, मी निःशंक हो म्हणेन. पण पूर्ण पत्त्यालाही एक खोड असते. त्यात बहुतेक वेळा कुणाचं तरी घर लिहिलेलं असतं. मी माझ्या संगणकावर ‘/होम/’ आणि पुढं माझं नाव असा पत्ता लिहून प्रकल्प दुसऱ्याला दिला, तर त्याच्या संगणकावर माझं घर नाही. चार जणांनी मिळून करायच्या प्रकल्पात वाटच बरी, पण ती त्या सेटिंगच्या फाइलीपासून मोजलेली, म्हणजे सगळं गाठोडं एकत्र हललं तरी आतली अंतरं बदलत नाहीत. आणि यंत्रागणिक बदलणारा जो भाग असेल, तो एकाच ठिकाणी, एकदाच लिहावा. दहा ठिकाणी ‘डी’ लिहिला की नव्या यंत्रावर नऊ ठिकाणी तो बदलला जातो.

आता आपल्या भाषेच्या दाराशी येतो, कारण इथं माझी तक्रार आहे आणि ती मला या व्यासपीठावरून करायची आहे. फाइलींना मराठी नावं द्यायला आपले लोक कचरतात. ‘मराठी नाव दिलं की घोळ होतो’ असं कार्यालयांतून सर्रास सांगितलं जातं. घोळ होतो हे खरं. पण तो मराठीमुळं होत नाही, पाथ हाताळणाऱ्यांनी आपली अक्षरं कधी मोजलीच नाहीत म्हणून होतो.

लिनक्सवर एका फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. रोमन अक्षर एक बाइट घेतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द आपल्या कानाला पाच अक्षरांचा. संगणकाच्या हिशेबी तो अकरा चिन्हांचा, म्हणजे तेहतीस बाइटचा. २५५ भागिले तीन, पंच्याऐंशी. सरकारी परिपत्रकाचा विषय फाइलचं नाव म्हणून दिला तर तेवढ्यात मावत नाही. विंडोज चिन्हं मोजतो, बाइट नव्हे, म्हणून तिथं तेच नाव चालतं. मग विंडोजवरून सर्व्हरवर प्रत करताना मधेच काम थांबतं आणि दोष नावाला लागतो.

याहून खोल घोळ याच शब्दातल्या ‘ऱ्या’चा आहे. दर्या आणि दऱ्या यांतला फरक मराठी मुलाला पहिली-दुसरीत कळतो. या अर्ध्या र ची चाल मराठीत जागोजागी लागते: दुसऱ्या, पायऱ्या, कचेऱ्या. आणि युनिकोडमध्ये तो तीन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, खालच्या टिंबासह एकच चिन्ह असलेला ‘ऱ’ आणि हलन्त. दुसरी, साधा र, वेगळा नुक्ता आणि हलन्त. तिसरी, साधा र, हलन्त आणि त्यामागं न दिसणारं जोडचिन्ह. कुठला कीबोर्ड कुठली तऱ्हा उमटवील हे टाइप करणाऱ्याला ठाऊक नसतं. पडद्यावर तिन्ही सारख्याच दिसतात. पाथ म्हणून त्या तीन वेगळ्या फाइली असतात.

एका दिवाळी अंकाच्या वेबसाइटचं काम मी जवळून पाहिलं. मुखपृष्ठाच्या चित्राच्या नावात ‘दऱ्या’ हा शब्द होता. सजावट करणाऱ्यांचा संगणक मॅक, जुन्या एचएफएस प्लस पद्धतीचा. ही पद्धत १९९८ पासून मॅकवर होती आणि नाव साठवताना ती पहिली तऱ्हा मोडून दुसरी करायची, र वेगळा आणि नुक्ता वेगळा. चित्र तिथून लिनक्स सर्व्हरवर गेलं. पानाच्या सेटिंगमध्ये मात्र नाव टाइप झालं होतं पहिल्या तऱ्हेनं. सर्व्हर म्हणाला, अशी फाइल नाही. संपादकांनी दोन्ही नावं कागदावर छापून एकमेकांशेजारी धरली, भिंगातून पाहिली. काहीही फरक नव्हता. शेवटी कंटाळून कुणीतरी चित्राला रोमन नाव दिलं आणि अंक वेळेवर निघाला.

हा पराभव मला मान्य नाही. नाव साठवण्याआधी आणि शोधण्याआधी ते एका ठरलेल्या रूपात आणून घेण्याची सोय जवळपास प्रत्येक भाषेत तयार आहे, एका ओळीचं काम आहे. ती पहिली आणि दुसरी तऱ्हा एक करते. तिसरी मात्र तिला एक करता येत नाही, तिच्यासाठी आपल्यालाच वेगळा नियम लिहावा लागतो. तो नियम मराठी येणारा प्रोग्रॅमरच लिहील, कारण दऱ्या आणि दर्या दुसऱ्या कुणाला वेगळे ऐकू येणार नाहीत. आपल्या महाविद्यालयांतून दरवर्षी इतकी मुलं संगणक शिकून बाहेर पडतात. त्यांतल्या किती जणांनी आपल्या प्रोग्रॅमला एकदा तरी ‘शेतकऱ्यांची यादी’ नावाची फाइल उघडायला लावून पाहिलं आहे?

दोन ठिपक्यांबद्दलही बोललं पाहिजे. पाथमध्ये दोन टिंबं म्हणजे एक पायरी वर. बाहेरून आलेल्या पाथमधली ही टिंबं नीट तपासली नाहीत तर चोर पायऱ्या चढत रूटपर्यंत पोचतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये अपाचीच्या २.४.४९ या आवृत्तीत नेमकं हेच सापडलं. दुरुस्तीची २.४.५० आली, तीही अपुरी ठरली, आणि काही दिवसांतच २.४.५१ काढावी लागली. जगातल्या उत्तमोत्तम हातांखालून गेलेला प्रोग्रॅम होता तो. पाथ वाचणं सोपं आहे असं कुणी म्हणालं की मी हे तीन आकडे सांगतो.

सरांच्या त्या ‘कुठून’नंतर मी माझ्या कामात एक गोष्ट बदलली. सेटिंगमध्ये वाट लिहिलेली असो की पत्ता, प्रोग्रॅम सुरू होताच तिचा पूर्ण पत्ता करायचा आणि तो मोठ्यानं सांगायचा. फाइल सापडली नाही तर ‘फाइल सापडली नाही’ एवढं म्हणून थांबायचं नाही, अमुक पूर्ण पत्त्यावर शोधली आणि तिथं नाही, असं सांगायचं, आणि सेटिंगमधली ओळही जशीच्या तशी शेजारी दाखवायची. त्या कार्यालयातल्या मुलीला सेटिंगची पूर्ण ओळ शेजारी दिसली असती तर तिचा अर्धा दिवस वाचला असता. फोल्डर नसेल तर प्रोग्रॅमनं तो आपण होऊन करू नये, विचारावं. माझ्या प्रोग्रॅमनं सीवर मुकाट्यानं नवा बॅकअप फोल्डर केला नसता, तर पहिल्याच संध्याकाळी तो अडला असता आणि मला फोन आला असता.

पतसंस्थेचं सॉफ्टवेअर मी त्याच वर्षी दुरुस्त करून दिलं. संध्याकाळच्या निरोपात ‘बॅकअप पूर्ण झाला’ याच्या खाली आता दुसरी ओळ येऊ लागली, ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या नावापर्यंत पूर्ण पत्ता. रोखपाल बाईंनी आपणहून एक लांबोडी वही घातली. तारीख, रोख शिल्लक, सही, आणि शेवटच्या रकान्यात तो पत्ता, पडद्यावर पाहून, हातानं. इंग्रजी अक्षरं त्या सावकाश काढायच्या, उलटी तिरकी रेघसुद्धा. दिवाळीनंतर एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. “आज ते डीच्या जागी ई म्हणतंय. सही करू का थांबू?”